चुन्यानंतरचं धुकं

थंडी या वर्षीही वेळेवर आली. वर्ध्यात ती आधी दिसते ती कॉलेजच्या गेटवरच्या ऑटोवाल्यांच्या कानटोप्यांवर. आमच्या गावात ती नाकाला कळते. जामच्या चौकात हायवे सोडून गिरडकडे जाणारी एसटी धरायची, समुद्रपूर मागं टाकायचं, आणि तुरीच्या शेतांवर धुक्याची पातळ साय दिसायला लागली की खिडकीची काच ओढून घ्यायची. काच ओढली तरी वास आत येतोच. ओल्या तुसाचा, कोंबड्यांच्या विष्ठेचा, आणि त्याच्या मागून किंचित नासलेल्या मासळीसारखा. बसमधली माणसं नाकाला रुमाल लावतात आणि आपलं बोलणं चालू ठेवतात.

मी रुमाल लावत नाही. हा वास मी नावानं ओळखते. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि वयाची चाळिशी उलटल्यावर याच वासावर पीएच.डी. करायला घेतली. अमोनिया सगळ्यांना ठाऊक असतो. गोठ्यात शिरलं की डोळे झोंबतात तो. त्याच्याच घराण्यातली ही अमाइनं. प्रमाणानं अगदी थोडी, पण स्वभावानं फार चिवट. शेण, मूत, खत, कोंबड्यांची शेड, जळणारा पालापाचोळा, कुठूनही निघतात. वर हवेत ट्रकांच्या आणि कोळशाच्या धुरातून तयार झालेलं आम्ल भटकत असतं. अमोनिया त्या आम्लाला धरतो, पण सुटतोही. अमाइन धरतं ते सहसा सोडत नाही. अशा चार-दोन जोड्या एकमेकींना चिकटल्या की जिथं काहीच नव्हतं तिथं एक कण जन्माला येतो. डोळ्याला न दिसणारा. तो पाणी ओढतो, वाढतो, धुक्यात शिरतो. आधीच तरंगत असलेल्या कणांवरही अमाइन जाऊन बसतं आणि तिथल्या अमोनियाला उठवून लावतं. मग ते सगळं माणूस श्वासाबरोबर आत घेतो. इतके बारीक कण नाकात अडत नाहीत, घशात अडत नाहीत, सरळ तळाशी जातात.

हे मी वर्गात खडूनं फळ्यावर लिहून शिकवते. मुलं उतरवून घेतात. गेल्या हिवाळ्यापासून ते लिहिताना माझा हात थांबतो.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. वर्धा ते गिरड, गिरड ते वर्धा, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. टेकडीवरच्या दर्ग्याला जाणारी माणसं त्यांना नावानिशी ओळखत. आमच्या घराण्यात पगाराची नोकरी लागलेले ते पहिले, त्यामुळे ते खाकी कपडे घरात फार मानानं धुतले जायचे. बिडीला त्यांनी कधी बोट लावलं नाही. पण जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या कुशीलाच असायचं, आणि त्या इंजिनाच्या शेजारी बसून त्यांनी तीस वर्षं काढली. निवृत्त झाले तेव्हा छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली होती. ते म्हणायचे, "गाडी सुटली माही, पन हॉर्न राह्यला आतमंदी."

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान भाऊ मिलिंद. डी.एड. करून बसलेला. शिक्षकाची जागा निघेल म्हणून त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली की शेवटी वाट पाहणं हेच त्याचं काम झालं. सकाळी उशिरा उठायचा, पारावर जायचा, कोणी विचारलं की चिडायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं घरामागच्या वावरात कोंबड्यांची शेड टाकली. चार हजार पक्षी. घरापासून शेड शंभर पावलांवर, ईशान्येला. पायाची पहिली वीट बाबांनीच ठेवली आणि बुद्धवंदना म्हटली. आईनं पेढे वाटले. तेव्हा वाऱ्याच्या दिशेचा विचार कोणी केला नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी घराच्या गच्चीवर हवा ओढणारा पंप बसवला. त्याच्या तोंडाशी पांढरा गोल गाळणी-कागद. पंप हवा ओढतो, कण कागदावर अडकतात, मग तो कागद थंड डब्यात घालून प्रयोगशाळेत न्यायचा. मला हायवेचा धूर पोचणारी, पण गावाची हवा हवी होती. हक्काची वीज आणि विश्वासाचं माणूसही हवं होतं. रोज वर्ध्याहून येणं मला जमणारं नव्हतं.

बाबा पंपाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे काय ओढते?"

"हवा ओढते बाबा."

"हवा तं मी बी ओढून राह्यलो बेटा, तीबी मोठ्या मेहनतीनं. मले कोनी डॉक्टरकी नाई देत."

पण दुसऱ्या दिवसापासून ते माझे सहकारी झाले. चिमट्यानं कागद कसा उचलायचा, बोट कसं लागू द्यायचं नाही, चांदीच्या कागदात कसा गुंडाळायचा, हे त्यांनी एकदाच पाहून शिकून घेतलं. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. ड्यूटी कधी चुकवली नव्हती, हीही चुकवली नाही. एक वही केली. गाडी डेपोत लावताना ड्रायव्हर जशी नोंद करतात तशा त्यांच्या नोंदी: "सकाळी ६. धुकं दाट. वारा शेडकडून. वास जास्त. शेजारी कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या." मी शनिवारी यायचे तेव्हा ते ती वही माझ्यापुढे ठेवत आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत राहत.

त्या हिवाळ्याचे पहिले पाच-सहा आठवडे आठवले की आजही जीव गलबलतो, कारण ते सुखाचे होते. गच्चीवर ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं बसायचो. खाली आई अंगणात, पलीकडे हरभरा, त्याच्या पलीकडे धुक्यातून वर आलेली गिरडची टेकडी. मिलिंद खाली शेडमधून हाक मारून विचारायचा, "ताई, आज माही हवा पास का नापास?" त्याच्या अंगावर खाद्याच्या पोत्यांची धूळ असायची आणि तोंडावर हसू. त्याचं हसू मी कित्येक वर्षांनी बघत होते.

एकदा बाबांनी मला सगळं समजावून सांगायला लावलं. मी सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे हायवेवरून आलं आम्ल, शेडातून आलं हे तुमचं... काय म्हन्ते?"

"अमाइन."

"आन दोघायचं लगन लागलं माह्या घरावर. वरात माह्या छातीतून चालली." हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो लवकर थांबेना.

प्रयोगशाळेतून पहिल्या कागदांचे आकडे आले तेव्हा मार्गशीर्ष होता. मी ते आमच्या स्टाफरूममध्ये उघडले. ज्या पहाटे धुकं होतं, वारा पडलेला होता, आणि जो काही होता तो शेडकडून घराकडे सरकत होता, त्या दिवसांच्या कागदांवर अमाइन इतर दिवसांपेक्षा कितीतरी वर होतं. बारीक कणही त्याच दिवसांत वाढले होते. बाबांच्या वहीतल्या "वास जास्त" या दोन शब्दांशी ते आकडे ओळीनं जुळत होते. माझा अभ्यास बरोबर निघाला होता. एखाद्या संशोधकाला याहून काय हवं? मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मुलांसमोर जाऊन तास घेतला. काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

शनिवारी गच्चीवर मी बाबांना सांगितलं. त्यांनी वहीचं पान उगाच सरळ केलं.

"मिलिंदले सांगू नोको," ते म्हणाले.

"बाबा, तुमची छाती..."

"माही छाती पयलेच गेली होती. ते एसटीनं खाल्ली. पोरगा पाच वाजता उठून कामाले जाऊन राह्यला बेटा. मी झोपेतून त्याच्या चपलीचा आवाज ऐकतो. तुले नाई समजनार तो आवाज."

"मग वर्ध्याले चला माह्याकडं. दोन महिने. थंडी जाईस्तोवर."

"आन इथली ड्यूटी? कागद कोन बदलंल?"

मी हट्ट धरायला हवा होता. त्यांना उचलून न्यायला हवं होतं. पण मलाही थंडीभरचे कागद हवे होते. मधेच खंड पडला असता तर वर्ष वाया गेलं असतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोलले नाही. आज लिहिते आहे.

पौषात अवकाळी पाऊस आला. दोन दिवस. तुरीच्या शेंगा झोडपल्या, कापूस बोंडातच काळा पडला. शेडच्या पत्र्याला एका बाजूनं गळती लागली आणि कोंबड्यांखाली अंथरलेलं तूस भिजून त्याचा चिखल झाला. थंडीमुळे शेडचे पडदे खाली सोडलेले, त्यामुळे आतली ओल आतच.

त्या दुपारी माझ्याकडे बी.एस्सी. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आम्ल आणि अल्कलीचं मोजमाप. ब्युरेटमधून एकेक थेंब अल्कली आम्लात सोडायचा आणि रंग गुलाबी झाला की थांबायचं. एका मुलीची ब्युरेट गळत होती, ती रडवेली झाली होती, बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात मिलिंदचा फोन आला.

"ताई, तूस पार ओलं झालं. वास मारून राह्यलं. चुना टाकू का? सगळे टाकतात."

"टाक, टाक. परीक्षा चालू हाये, मागून बोलतो," मी म्हटलं आणि त्या मुलीची ब्युरेट बदलली.

एवढंच. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालेलं बोलणं. ओल्या विष्ठेत अमोनिया आणि अमाइनं बऱ्याच अंशी बांधून पडलेली असतात. त्यांच्यावर चुना पडला की ती बांधणी सुटते आणि सगळं वायू होऊन हवेत उठतं. चुना जंतू मारतो, ओल धरतो, हे खरं. म्हणून सगळे टाकतात. पण ओल्या तुसावर, पडदे सोडलेल्या शेडमध्ये, एकदम दोन पोती चुना म्हणजे काय, हे आमच्या बारावीच्या पुस्तकातही आहे. मुलांना प्रयोग करून दाखवतात: अमोनियाच्या क्षारात चुना मिसळा आणि वास घ्या. मी स्वतः कित्येक वर्षं तो दाखवला आहे. तुरटी सांगायला हवी होती. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, ते या वायूंना धरून ठेवतं. एक शब्द बदलायचा होता. आणि मी तर त्याच क्षणी अल्कलीनं भरलेली नळी हातात धरून उभी होते.

मिलिंदनं संध्याकाळी चुना टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की घरातून शेड दिसत नव्हती. हे मला आईनं नंतर सांगितलं. बाबा उठले, मफलर बांधला. आई म्हणाली, आज राहू द्या, डोळे चुरचुरून राह्यले, काहीतरी हाये हवेत. ते म्हणाले, "म्हनूनच तं जाऊन राह्यलो. आजच तं मोजाले पाह्यजे." गच्चीला बारा पायऱ्या. वर जाऊन त्यांनी रात्रीचा कागद काढला, गुंडाळला, नवा बसवला, पंप चालू केला. मग कठड्याला पाठ लावून वहीत लिहिलं: "सकाळी ६. धुकं फार. वास आजवर नाही एवढा. डोळ्यात पाणी. पंप चालू केला." खाली येताना सातव्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. मिलिंद शेडमधून धावत आला तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग बदलला होता.

शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना वर्ध्याला आणलं. मी इस्पितळाच्या दारात उभी होते. गाडीतून उतरवताना त्यांनी मला पाहिलं आणि हात हलवून काहीतरी विचारलं. तोंडावर मास्क, शब्द कळले नाहीत. डॉक्टर भले होते. म्हणाले, फुप्फुस जुनंच थकलेलं आहे, थंडी आहे, धुकं आहे, एखादं निमित्त पुरतं. कोणतं निमित्त, हे त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी गावाहून आलेल्या मिलिंदनं माझ्या हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेली एक चपटी पुडी दिली. "पंप दुपारपर्यंत चालूच होता. मी बंद केला. बाबा करतात तसाच चिमट्यानं काढला, हात नाई लागू देल्ला," तो म्हणाला. मग भिंतीला टेकून उभा राहिला. "काय पाहा ताई, चुना टाकूनबी वास नाई गेला. उलट वाढला सकाळी."

मी बाकावर बसले. कॉरिडॉरमध्ये माणसं येत-जात होती, कोणाचा तरी डबा सांडला होता, एक बाई फरशी पुसत होती. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती नळी आली आणि एकेक थेंब. मी तोंड उघडलं. त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर चुन्याचे पांढरे डाग अजून तसेच होते. मी तोंड मिटलं. सांगितलं तर त्याला कळेल की बाबांना काय झालं, आणि ते त्याच्या हातून झालं. त्याच्या हातून, माझ्या सांगण्यावरून. तो पुन्हा शेडमध्ये पाऊल ठेवणार नाही. बाबा ज्या चपलेच्या आवाजासाठी सगळं सोसत होते तो आवाज बंद होईल. असं मी स्वतःला सांगितलं. पण मला भीतीही वाटत होती. तो माझ्याकडे कसा बघेल याची.

सहाव्या दिवशी बाबांनी मास्क बाजूला केला. आवाज उरला नव्हता. "त्या दिवशीचा कागद... खराब तं नाई झाला?"

"नाई बाबा. चांगला हाये."

"वही नीट लिवली होती मी."

"हो."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. सातव्या दिवशी सकाळी ते गेले.

पुण्यानुमोदनाला विहारात सगळं गाव आलं. डेपोतले म्हातारे ड्रायव्हर आले. एकानं उठून सांगितलं की पुरात या माणसानं प्रवासी सोडून गाडीतून उडी मारली नाही. लोक रडले. मिलिंद पंगतीत वाढत होता. मी बसून होते. मुलगी शिकलेली, मोठी प्राध्यापिका, बापानं शेवटच्या दिवसापर्यंत तिच्या अभ्यासासाठी काम केलं, असं कोणीतरी कौतुकानं म्हणालं, आणि बायका माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. प्रत्येक हात मला भाजत होता.

ती पुडी कॉलेजच्या फ्रीझरमध्ये राहिली. उन्हाळा गेला. आषाढ गेला. बाकी सगळे कागद तपासून झाले, तेवढा एक मी मागं ढकलत राहिले. श्रावणात, आता टाळणं शक्यच नव्हतं तेव्हा, तो दिला. आकडा आला. सबंध हिवाळ्यात सगळ्यात मोठा. आलेखावर बाकीचे ठिपके एका पट्ट्यात आणि हा एकटाच वर, पानाच्या कडेला.

माझे मार्गदर्शक आलेख बघून म्हणाले, "हा एक ठिपका फार बाजूला पडतो. त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलं असेल. काढून टाका, चालेल."

"ठेवते सर," मी म्हटलं.

"कारण द्यावं लागेल मग."

कारण मी दिलं. प्रबंधात एक ओळ आहे: तुसावर चुना टाकल्यानंतरचा नमुना. तेवढंच. त्या ओळीत बाबा नाहीत, पायऱ्या नाहीत, फोन नाही. विज्ञानाला तेवढंच लागतं. खरं सांगायचं तर त्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या सकाळी चुना नसता तरी ते पायरीवर बसले असते का? तीस वर्षांचं इंजिन, हायवे, थंडी, जळणाऱ्या पऱ्हाट्या, शेड, चुना. यातला कोणता कण शेवटचा, हे सांगणारं यंत्र नाही. मी शोधलं. त्या महिन्यात मी किती वाचलं, काय काय वाचलं. मला माझ्याविरुद्ध पुरावा हवा होता की माझ्या बाजूनं, तेही कळत नव्हतं. तो मिळाला नाही एवढं खरं.

आणि आता पुन्हा पौष. मागच्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना ती सहज म्हणाली, पाणी येऊन गेलं, शेडमधलं तूस पुन्हा ओलं झालं, मिलिंदनं दोन पोती चुना आणून ठेवला आहे. मी त्याच दुपारी बाजारात गेले, तुरटी घेतली, दळून मागितली, दुकानदार हसला. आज ती पिशवी मांडीवर घेऊन जामहून निघाले. बसमध्ये वास आला आणि माझी खात्री झाली की आज सांगितलं नाही तर मी कधीच सांगू शकणार नाही.

मिलिंद शेडच्या दारात दाताळ्यानं तूस उलथत होता. चुन्याची पोती भिंतीला लावलेली, अजून शिवलेली.

"मिलिंद, तो चुना टाकू नको."

तो थांबला.

"गेल्या साली मी फोनवर टाक म्हटलं होतं. ते चूक होतं. ओल्या तुसावर चुना टाकला की जो वायू दबून असते तो सगळा निंघते. त्या दिवशी सकाळी तोच निंघाला. बाबा त्याच्यातच वर गेलते. मले मालूम असाले पाह्यजे होतं. मी तेच शिकवतो रे पोरायले." 

मिलिंदनं दाताळं खाली ठेवलं. हात पँटला पुसले.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी पाच वाजता मी शेडात गेलो तं कोंबड्या डोळे मिटून बसल्या होत्या. लाललाल डोळे. पंख फुलवून, तोंड उघडे टाकून. माह्याच्यानं दोन मिनटं उभं राहवलं नाई. तवाच समजलो का चुन्यानं काहीतरी बिघडलं. हा चुनाबी ओल पाहून आनला, पन पोतं उघडाले हात धजला नाई." तो माझ्याकडे बघत नव्हता. "घबरलो. आधी पक्षी वाचवू म्हनलं. सगळे पडदे उघडले ताई. एका झटक्यात, इकून तिकून सगळे. ते सगळं बाहीर निंघालं. वारा घराकडंच होता. मंग सहाले पंप बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. गच्चीवर बाबा."

मी गच्चीच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"हाका माराले पाह्यजे होत्या. मी मारल्या नाईत. वाटलं, उतरतीलच आता." त्याचा श्वास लांब झाला. "दवाखान्यात तुले सांगाले आलतो. चुन्याचं बोललोबी. पन तुह्या तोंडाकडं पाह्यलं आन समजलं, हे सांगतलं तं तू सोतालेच खाशील. तूच हो म्हनलं होतं ना फोनवर. म्हनून नाई सांगतलं."

एक वर्ष. एका घरात सण केले, एका ताटात जेवलो, आईला दवाखान्यात नेलं, बाबांच्या फोटोला एकत्र फुलं वाहिली. तो मला वाचवत होता आणि मी त्याला. मला वाटलं होतं की सांगितल्यावर तो तरी ओरडेल, किंवा मी तरी रडेन, काहीतरी फुटेल आणि मोकळं होईल. काहीच फुटलं नाही. दोघांच्या मधे दाताळं पडलेलं होतं, त्याच्या दात्यांत ओलं तूस अडकलेलं. माफ करायचं तर कोणी कोणाला? ज्यानं करायला हवं होतं तो माणूस आमच्यात उरला नव्हता.

मग त्यानं पिशवीकडे पाहिलं. "हे काय?"

"तुरटी. वायू धरून ठेवते ते."

"मंग थांबंल?"

"कमी होईल. थांबनार नाई."

"गावात आता आनखी तीन शेडी झाल्या," तो म्हणाला. "हायवे तं हायेच." मग जरा थांबून, एखाद्या लहान भावानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मी शेड बंद करू का ताई? तू सांग. तू हो म्हन, मी करतो."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. पुन्हा एक फोन कानाशी असल्यासारखं मला वाटलं, पुन्हा एका शब्दाची घाई.  

आत चार हजार कोंबड्या तोंडं उघडी ठेवून धापा टाकत होत्या. दिवस वर आला होता, आतली हवा जड झाली होती, आणखी थांबलं असतं तर पक्षी पडायला लागले असते. मिलिंद उत्तराची वाट बघून आत गेला आणि पडद्याची दोरी ओढू लागला. मीही गेले, दुसऱ्या बाजूची दोरी धरली. पडदे वर गेले. कोंबड्यांनी पंख झटकले. आतलं सगळं आमच्या अंगावरून बाहेर निघालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मला दिसलं की धूर कसा जावा तशी ती ओली हवा धुक्याला मिळून घराकडे सरकते आहे. ओसरीवर आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.